अ‍ॅब्सॉर्ब म्हंजी काय?

निघोज्याच्या बसस्टॉपवर रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. दोघींच्या माना एकाच मोबाईलवर वाकलेल्या.

"वाच लवकर! तुझ्या बापाला कंपनीनं काय लिवलंय?"

"आई, पप्पांना एक तारखेपासून अ‍ॅब्सॉर्ब करणार!"

"म्हंजी?"

"थांब, बघते. शोषून घेणे."

"अगं बया!"

"मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर गिळून टाकणे."

"गिळणार? कामावरनं काढलं का काय?"

"अगं, खाली आणखी एक अर्थ आहे. सामावून घेणे! आई, कॉन्ट्रॅक्ट सुटलं! पप्पा पर्मनंट!"

"खरं? परत वाच! मोठ्यानं वाच गं!"

"सामावून घेणे!"

"आन् पयला काय व्हता?"

"शोषून घेणे."

"व्हय, त्ये चौदा वर्सं चाललंच व्हतं की. त्याचं लेटर न्हाई दिलं कदी."