मोएनबाईंच्या रानात ब्रेक्के यांना शिकारीची परवानगी होती याबाबत

नाव: आर्डिस मोएन. वय: चौऱ्याहत्तर वर्षे. धंदा: शेती, गाई विकल्या, आता फक्त कोंबड्या. राहणार: ओढ्याकाठचा रस्ता, नॉर्डाल, टॅमरॅक काउंटी, विस्कॉन्सिन.

मी शेरीफच्या कचेरीत स्वतः हजर राहून, आज शनिवार दिनांक २३ नोव्हेंबर २०२४ रोजी, डेप्युटी हॅल्वरसन यांनी विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर माझी एकशे साठ एकर जमीन आहे. त्यातली पन्नासेक एकर ओकच्या झाडांची टेकडी आहे, बाकी मका आणि कुरण. माझे पती वेंडेल मोएन हे सन २०१६ च्या एप्रिलमध्ये वारले. तेव्हापासून मी घरात एकटी राहते. माझी मुलगी कॅरिन मिनियापोलिसला असते. तिने शेजारी डेल्मर सोलबर्ग यांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलेलं आहे. हे मला माहीत आहे, हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

सन १९९६ मध्ये दोन इसमांनी न विचारता आमचं कुंपण कापलं आणि आमची एक तपकिरी कालवड हरीण समजून मारली. त्यानंतर माझ्या पतीने परक्यांना शिकारीची बंदी केली आणि कुंपणावर पन्नास-पन्नास पावलांवर पाट्या ठोकल्या. ते स्वतः आणि त्यांचे भाऊ शिकार करीत. त्या दिवसांत घरात आठ-नऊ पुरुष असत. मी सलग अडतीस नोव्हेंबर त्यांचा स्वयंपाक केला आणि कॉफी गरम ठेवली. शिकारीला मी गेलेली नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

लोवेल ब्रेक्के, वय अडुसष्ट, हे वीज कंपनीत तारांचं काम करीत असत, आता निवृत्त आहेत. ते नॉर्डालमध्ये हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. सन २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ते प्रथम आमच्या दारी आले. पिकअप त्यांनी बाहेर रस्त्यावर लावली, अंगणात आणली नाही. टोपी काढून हातात धरली आणि पायरीच्या खालीच उभे राहिले. माझ्या पतीने दार उघडलं. ब्रेक्के म्हणाले, "यंदा तुमच्या टेकडीवर हरणासाठी बसायची परवानगी मिळेल का? नाही म्हणालात तरी राग नाही." माझे पती नाही म्हणाले आणि दार लावलं. मी आतल्या खोलीत होते.

त्यानंतर ते दर ऑक्टोबरात पहिल्या शनिवारी येत राहिले. पहिली वेळ धरून तीन वेळा माझ्या पतीने नाही म्हटलं, आठ वेळा मी. नाही म्हणण्याचं वेगळं कारण माझ्याजवळ नव्हतं. पतीने घातलेला नियम होता. ब्रेक्के दर वेळी म्हणत, "बरं, बाई. उत्तर दिलंत, आभारी आहे." आणि कठड्यावर रानप्लमच्या जेलीची बाटली ठेवून जात. पहिल्या दोन बाटल्या मी उघडल्या नाहीत. तिसरी उघडली. त्यानंतर ऑक्टोबरचा पहिला शनिवार आला की मी सकाळीच अंगण झाडून घेत असे. हे लिहून घेतलं तरी चालेल.

अकरा वर्षांत ब्रेक्के यांनी न विचारता माझ्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. एकदा, सन २०१९ मध्ये, त्यांनी बाहेरच्या सरकारी रानात जखमी केलेलं हरीण आमच्या कुंपणावरून उडी मारून आत येऊन पडलं. ते त्यांना बाहेरून दिसत होतं. तरी दोन मैल फिरून ते दारी आले, ते उचलायला आत येऊ का म्हणून विचारायला. मी बूट घालून त्यांच्याबरोबर गेले आणि ते आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढलं. त्या दिवशी आम्ही हवेविषयी बोललो.

यंदा दिनांक ५ ऑक्टोबर रोजी सकाळी दहाच्या सुमारास ते आले. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. मी म्हटलं, "ब्रेक्के, मी नाहीच म्हणणार हे ठाऊक असून तुम्ही दरवर्षी कशाला येता?"

ते म्हणाले, "बाई, न विचारता कुंपण ओलांडणारे ढीगभर आहेत. विचारणारा निदान एक तरी असावा."

मी म्हटलं, "हे झालं सांगायचं कारण. खरं सांगा."

त्यांनी टोपी दोनदा हातात फिरवली. म्हणाले, "खांबावर काम करताना तुमची टेकडी दिसायची. अख्ख्या काउंटीत तसं रान नाही. हे एक. आणि दुसरं, तुम्ही 'नाही' फार चांगलं म्हणता. बाकीचे लोक कुत्रा सोडतात."

मला हसू आलं. डेप्युटींनी विचारल्यावरून सांगते, बराच वेळ हसले. मग मी म्हटलं, "एका अटीवर हो म्हणते. मलाही न्यायचं."

ब्रेक्के म्हणाले, "कुठे?"

"शिकारीला. अडतीस वर्षं मी कॉफी गरम ठेवली. आता कॉफीला थर्मास निघालेत."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "बंदूक चालवलीय का कधी?"

मी म्हटलं, "कोंबड्या पळवणाऱ्या रॅकूनवर चालवलीय. त्याला विचारा. पण तो आता उत्तर द्यायला नाही."

त्यानंतर सहा रविवार ब्रेक्के दुपारी येत. आमच्या खडीच्या खाणीत जुनी पत्र्याची ताटं टांगून त्यांनी मला माझ्या पतीच्या रायफलने नेम शिकवला. पहिल्या रविवारी एकही ताट लागलं नाही. मी म्हटलं, "ताटं फार लांब आहेत." ते म्हणाले, "हरणालाही तुम्ही हेच सांगणार का?" चौथ्या रविवारी साठ पावलांवरून सातपैकी पाच लागली. माझा उजवा खांदा काळानिळा पडला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी फाटक लागलं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, पण ते डॉक्टरांकडे सांगितलेलं आहे, कचेरीत नाही. परवाना मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून काढला. माझ्या वयाच्या माणसाला शिकारीच्या शिकवणीचा दाखला लागत नाही. दुकानदाराने नवऱ्याच्या नावाने काढायचा का म्हणून विचारलं. त्याला मी उत्तर दिलं.

कॅरिनला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती नाही म्हणाली असती.

आज पहाटे पावणेसहाला ब्रेक्के आले. पिकअप त्यांनी सवयीने रस्त्यावरच लावली. मी अंगणात आणायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "आज राहू दे, बाई. एकदम सगळं नको." मी पतीचा केशरी कोट घातला होता, बाह्या दोनदा दुमडून. टेकडीच्या पूर्वेला एक ओक उन्मळून पडलेला आहे. त्याच्या आड आम्ही चटई टाकून बसलो. थंडी चांगलीच होती. सात वाजता उजाडलं. समोरच्या कापलेल्या मक्यावर दहिवर पडलेलं होतं. एका खारीने ब्रेक्के यांच्या बुटावर चढून उतरून पाहिलं. आम्ही बोललो नाही. इतका वेळ न बोलता कुणाशेजारी बसायला मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

सात वाजून वीस मिनिटांनी ओढ्याच्या बाजूने एक मोठा नर आला. शिंगांना आठ टोकं होती. तो ब्रेक्के यांच्याच बाजूला होता. त्यांच्या मांडीवर रायफल तयार होती आणि ते टेकडीवर पहिल्यांदाच बसले होते. त्यांनी रायफल उचलली नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा, बाई. घाई नको. आधी श्वास सोडा."

मी श्वास सोडला आणि घोडा दाबला. हरीण चाळीसेक पावलं पळालं आणि पडलं. पुन्हा हललं नाही.

त्यानंतर माझ्या तोंडून आरोळी निघाली. ती किती मोठी होती हे मला सांगता येत नाही, कारण तसा आवाज मी पूर्वी कधी काढलेला नाही. लग्नातही नाही, कॅरिन झाली तेव्हाही नाही. मी तीनदा ओरडले. ब्रेक्केही ओरडले. "मेला! मेला!" असं ते म्हणत होते आणि मला धरून गोल फिरवत होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. मग आम्ही हरणापाशी गेलो आणि मी तिथेच मक्याच्या खुंटांत आडवी झाले. वर आभाळ स्वच्छ होतं. मी रडतही होते आणि हसतही होते. ब्रेक्के हरणाचं पोट साफ करायला बसले. कसं करतात ते मला दाखवत होते. मी दोन्ही हात आत घालून मदत केली आणि त्याच हातांनी डोळे पुसले.

मी ओरडले त्या वेळी डेल्मर सोलबर्ग आपल्या अंगणात उभे होते. त्यांनी गोळीचा आवाज, बाईची किंकाळी आणि पुरुषाचं "मेला, मेला" ऐकलं. रस्त्यावर अनोळखी पिकअप पाहिली. त्यांनी फोन केला. त्यांनी योग्य तेच केलं. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी डेप्युटी हॅल्वरसन आणि सोलबर्ग धावत रानात आले. तेव्हा मी पुन्हा पाठीवर पडलेली होते, माझ्या तोंडाला रक्त होतं आणि ब्रेक्के कोपरापर्यंत रक्ताने माखून हातात सुरी घेऊन माझ्याशेजारी होते. डेप्युटी ओरडले, "सुरी खाली! गुडघ्यांवर!" ब्रेक्के यांनी सुरी ठेवली आणि गुडघ्यांवर बसले. त्यांना ते अवघड गेलं. डेप्युटींनी त्यांचे हात मागे घेऊन बेड्या घातल्या.

सोलबर्ग म्हणाले, "मोएनबाई, कुठे लागलंय?"

मी म्हटलं, "खांद्यामागे, डेल्मर. मधोमध. जाऊन बघ."

ते माझा खांदा बघायला वाकले. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांना हरीण दिसलं.

डेप्युटींनी ब्रेक्के यांना विचारलं, "ही जमीन तुमची आहे का?"

"नाही, साहेब."

"इथे शिकार करायची परवानगी आहे का?"

ब्रेक्के गुडघ्यांवर होते. त्यांनी मान वर केली. "आहे," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, "आहे, साहेब. लेखी आहे." डेप्युटींनी त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली चिठ्ठी काढली. ती माझ्या हातची आहे. सोबत जोडली आहे. तिच्यात लिहिलं आहे, "लोवेल ब्रेक्के यांना माझ्या रानात वाटेल तेव्हा शिकार करू द्यावी, मात्र मी बरोबर असले पाहिजे. आ. मोएन." ती घडीवर झिजलेली दिसते. मी ती सहा आठवड्यांपूर्वीच दिली होती.

बेड्या लगेच काढण्यात आल्या. सोलबर्ग यांनी घरून कोमट पाण्याची बादली आणि टॉवेल आणला. ते म्हणाले, "मी कॅरिनला शब्द दिला होता, मोएनबाई. मला वाटलं, संपलं."

मी म्हटलं, "किती चांगलं धावलास रे. पोटासकट." मग तेही हसले आणि हरीण ओढायला लागले.

मी जबाब द्यायचा आग्रह धरला तो या कारणासाठी. सोलबर्ग यांच्या फोनच्या नोंदीत "परक्याने घुसखोरी केली" असे शब्द आहेत, असं मला सांगण्यात आलं. शिवाय पुढची जागा मला दिल्यामुळे ब्रेक्के डेप्युटींच्या गाडीत मागे बसून कचेरीत आले तेव्हा कॅफेच्या खिडकीत बसलेल्या सगळ्या नॉर्डालने ते पाहिलं. ब्रेक्के यांनी आयुष्यात न विचारता कुणाचं कुंपण ओलांडलेलं नाही. त्यांच्या नावापुढे तो शब्द राहता कामा नये. तो खोडावा. डेप्युटींनी तो माझ्यासमोर खोडला आहे आणि बाजूला सही केली आहे.

हरणाची सरकारी नोंदणी मी इथूनच फोनवर केली, माझ्या नावाने. कॅरिनचा फोन आला होता. ती आधी रडली, मग रागावली, मग शिंगांना किती टोकं आहेत ते विचारलं. ती निघाली आहे.

ब्रेक्के बाहेर बाकावर बसलेले आहेत. जबाब द्यायला आत येण्यापूर्वी मी त्यांना सांगितलं की आता दरवर्षी विचारायला यायची गरज नाही, चिठ्ठी कायमची आहे. ते म्हणाले, "तरी येईन, बाई. सवय आहे." मी म्हटलं, "आर्डिस म्हणा. आणि यायचंच असेल तर ऑक्टोबरपर्यंत कशाला थांबता?" त्यावर ते काय म्हणाले त्याचा या चौकशीशी संबंध नाही, म्हणून ते लिहून घेऊ नये.

वर लिहिलेलं डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी हसू आल्याने ते स्वतःच थांबले आणि पुढे वाचा म्हणून मला सांगावं लागलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मी शुद्धीवर आहे आणि मजेत आहे.

सही: आर्डिस मोएन
समक्ष: डेप्युटी हॅल्वरसन
वेळ: सकाळी ११ वाजून ४० मिनिटे