मधले क्रियापद

यवतमाळच्या एका खासगी रुग्णालयातील फलक म्हणतो : 'रुग्णाची अंतिम इच्छा येथे विचारली जाते, समजून घेतली जाते आणि पाळली जाते.' तीनपैकी दोन क्रियापदे निःसंशय खरी आहेत. त्याच फलकाखालच्या बाकावर, मृत वडिलांचे कपडे न्यायला आलेली उमरखेडची हलीमा आणि परिचारिका बेबीताई बोलत होत्या.

"सिस्टर, अब्बा मले नेहमी म्हणत, नळी नको, घरी ने. मंग तुमाले उलटं काहून सांगतलं?"

"म्या सोता इचारलं वं माय. 'चाचा, तब्येत जास्त झाली तं मशीन चालू ठेवाची का?'"

"मंग?"

"हात धरला माया. म्हणे, 'मशीन बंद पडू देऊ नोका. हलीमाले सांगजा.'"

"मले?"

"हो. म्या डॉक्टरले तसंच सांगतलं. मंग श्वासाची मशीन लावली."

"अन् जाईपर्यंत त्याईच्या तोंडातून एक शब्द नाही निघाला. घरी चला म्हणायले तोंडच नाही ठेवलं तुमी."

"त्याईचीच इच्छा होती ना, बाई."

"अब्बा काय काम करत, ठाऊक हाय तुमाले?"

"नाही."

"टेलर होते, सिस्टर. दुकानात एकच मशीन. माया हातात देऊन इथं भरती झाले. तुमची मशीन बंद झाली. त्याईची चालूच हाय."

बेबीताईंनी मान वर करून फलकाकडे पाहिले.

"कोणती मशीन, चाचा? एवढं म्या इचारलंच नाही."