तिसरा कुटका

वच्छलाबाईंच्या लहानपणी कुत्र्याचं पिल्लू कुणी मुद्दाम आणत नसे; ते आपणच मागं मागं घरी यायचं. झरीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर मात्र एक जोडपं मांडीवर पोर आणि पिशवीत पिल्लू घेऊन बसलं होतं. पिल्लू परत द्यायला निघाले होते. वच्छलाबाईंनी कान दिला.

“सविता, आदिनाथ शाळेतून आला की घर डोक्यावर घील बघ.”

“घिऊ द्या. भाकरीचा कुटका आदिनाथ देतो, सृष्टी देती, तवर हे मुकाट खातंय. मग कोपऱ्यात जाऊन तिसऱ्या कुणाच्या हातचं खाल्ल्यावानी उड्या मारतंय. तिथं कुणीच न्हाई!”

“माशी दिसली आसंल.”

“माशीला शेपूट हलवतंय व्हय? अन् लेकरं आपली दोन. ही सृष्टी तीन ताटल्या का मांडायलीय? इचारा तुमीच.”

“कुणासाठी गं, बाळा?”

“चिंचेखालच्या ताईसाठी. पिल्लू तिच्यासंगच खेळतंय.”

“ऐकलं? म्हणून म्हणते, दिऊन टाकू. लेकरांच्या मागची पीडा जाईल.”

“ताई बी तसंच म्हणली, माय.”

“काय म्हणली?”

“पिल्लू दिऊन टाक म्हणली. मला त्याच्यासंग खेळावं लागतंय. ते गेलं की मी तुझ्याच अंथरुणात येते, म्हणली.”

सवितानं पोरीला पोटाशी ओढलं.

“आवो, उठा. कंडक्टरला गाडी थांबवायला सांगा.”

“अन् हे पिल्लू?”

“पिशवीतून काढा त्याला. सृष्टीजवळ द्या.”