अंगाच्या रंगाची जुनी नोंद

चहा राहू दे, आधी हे ऐका! जोहे गावातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात अण्णाकाका रंग मिसळतात आणि मी प्रत्येक रंगाचं माप मोबाईलवर लिहून ठेवते. माप बदललं तरी जुनी नोंद पुसली जात नाही, तारखेसकट मागे राहते. अण्णा त्यावर कायम हसायचे. "रंग हाताला कळतो गो, मोबाईलला नाय!"

तर परवा कोलाडचं एक गिऱ्हाईक आलं आणि रंगवलेली मूर्ती बघून अडूनच बसलं. "गेल्या वर्षीचा अंगाचा रंग हा नाय. तोच पायजे, नायतर मूर्ती नेत नाय."

अण्णा तापले. "तीस वर्षं माझं माप एकच हाय!"

मी मोबाईल काढला. आजचं माप अण्णांचं नेहमीचंच होतं. मग एकेक करत जुन्या नोंदी उघडत गेले, गेल्या श्रावणापर्यंत पोचले आणि उडालेच! पिवळा चक्क दुप्पट! दुसऱ्याच दिवशी मीच ते माप सुधारलं होतं आणि कारणही लिहिलं होतं. ते मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "अण्णांचा चष्मा फुटलाय, म्हणून कालचं माप चुकलं. एक मूर्ती तशीच कोलाडला गेली."

गिऱ्हाईक एकदम खूश. "हां, तोच! तोच पायजे!"

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "पिवळा आण गो."