डाव्या सीटवरची अक्का

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या तेरणा मोटर क्रीडा मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय हणमंतप्पा काका. प्रमुख पाहुण्या म्हणून दवाखाना सोडून वेळात वेळ काढून आलेल्या डॉक्टरबाई. व्यासपीठावरचे मंडळाचे सर्व पदाधिकारी. सास्तूर, माकणी आणि लोहाऱ्याहून आलेले शर्यतीचे शौकीन. शौकीन नसूनही घरच्यांपायी हा शौक सोसणाऱ्या सगळ्या आया-बहिणी. आणि जिच्यासाठी आपण उमरग्याच्या या सभागृहात जमलो आहोत ती सत्कारमूर्ती, माझी थोरली बहीण महादेवी अक्का. सर्वांना शिवकुमार बिराजदारचा नमस्कार.

मंडळी, मला भाषणाची सवय नाही. हायवेला माझं ट्रकच्या पार्ट्सचं दुकान आहे, तिथं मी दिवसभर बोलतो, पण ते भाव करण्याचं बोलणं. आणि शर्यतीच्या गाडीत तर मी एक शब्दही बोलत नाही. तिथं बोलण्याचा मान डाव्या सीटचा. त्या सीटवर गेली कित्येक वर्षं अक्का बसली, आणि आता ती सीट ती सोडते आहे. म्हणून हणमंतप्पा काका म्हणाले, "इतकी वर्षं तिचं ऐकलंस, आज तिच्याबद्दल तू बोल." काकांचा शब्द मोडायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

ज्यांना आमचा हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रॅली म्हणजे गोल मैदानातली शर्यत नव्हे. मातीचा रस्ता, शेतातून, माळावरून, कालव्याच्या कडेनं. एकेक गाडी ठरावीक अंतरानं सोडतात आणि ज्याला वेळ कमी लागेल तो पहिला. चालकाला पुढचं वळण दिसायच्या आधी कळावं लागतं. ते सांगतो शेजारी बसलेला वाटाड्या. आधी रस्ता पाहून टिपणं काढायची आणि शर्यतीत ती वाचत जायचं. अक्का ती कानडीत वाचायची. डावं म्हणजे एड, उजवं म्हणजे बल. 'उजवीकडं' म्हणेपर्यंत वळण निघून जातं, तिथं 'बल' बरं. पुढं आकडा. आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. आमच्या घरात आईची भाषा कानडी, त्यामुळं ती भाषा कानात शिरली की डोक्यात जायची वाट बघत नाही, थेट हातात उतरते.

मोटारी निघाल्या आणि पाठोपाठ शर्यती निघाल्या. फ्रान्समध्ये सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावाला, उघड्या रस्त्यावरून गाड्या पळवायचे. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदला शर्यत निघाली. धुळीत चालकांना पुढचं दिसेना, कडेला बघ्यांची ही गर्दी. चालक गेले, बघणारेही गेले. शेवटी सरकारनं शर्यत बोर्दो शहरातच बंद केली आणि त्या महागड्या गाड्या घोडे लावून रेल्वे स्टेशनपर्यंत ओढत नेल्या, असं सांगतात. म्हणजे हा खेळ धोक्याचा आहे हे आपल्याला नव्यानं कळलेलं नाही. त्या काळी चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसायचा. हातानं तेलाचा पंप मारायचा, मागून कोण येतंय ते बघायचा. गाडी उलटली की दोघंही उलटायचे. जिंकली की हार मात्र बहुतेक एकाच्याच गळ्यात. त्या शेजारच्या माणसांची नावं आज किती जणांना सांगता येतील? मलाही येत नाहीत.

म्हणून आज एक नाव नीट सांगायचं ठरवलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची आपली रॅली. दुसरा दिवस, माकणीच्या धरणाच्या खालचा टप्पा. उत्तरेश्वर आणि त्याचा वाटाड्या बलभीम आमच्या पुढं सुटले होते. ते पहिले, आम्ही दुसरे, आणि मध्ये काही सेकंदांचाच फरक. कालव्याला शेतीच्या पाळीचं पाणी सुटलेलं होतं. वारा नव्हता. पुढच्या गाडीची धूळ उठायची आणि तशीच लोंबकळत राहायची. आम्ही त्या धुळीच्या मागं सुटलो होतो. मला काय दिसत होतं? धूळ, धुळीत बाभळीचे शेंडे, आणि कानात अक्का. "बल चार. चढ. चढाच्या पलीकडं एड तीन, उजवीकडं कालवा. सोडू नको, तम्मा, ओढ."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. चाळिशीला आलो तरी तम्माच.

चढ संपत आला आणि अक्का एकदम ओरडली, "निल्लू!"

निल्लू म्हणजे थांब. हा शब्द टिपणांत कुठंच नसतो. का म्हणून विचारायची सवय मला नाही. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी आडवी होत, खडी उडवत चढाच्या माथ्यापलीकडं थांबली.

"काय झालं?"

"धूळ संपली, तम्मा. पुढं धूळच न्हाय."

मी बघितलं. रस्ता वळून लांबपर्यंत दिसत होता, स्वच्छ, मोकळा. उत्तरेश्वरची गाडी त्या रस्त्यानं गेली असती तर तिथं धूळ असायला हवी होती. आणि मग कडेच्या गवतात चाकांच्या दोन रेघा दिसल्या, सरळ कालव्यात उतरलेल्या.

गाडी उजव्या कुशीवर पडली होती. म्हणजे उत्तरेश्वर खाली, पाण्याच्या अंगाला. बलभीम वरच्या दारातून कसाबसा बाहेर पडला होता. कालव्याच्या उतारावर पालथा पडून ओरडत होता, "उत्तरेश्वर आत हाय! पाय अडकलाय! माझा हात उठंना झालाय!"

मंडळी, पाणी छातीएवढंच होतं. पण आडव्या गाडीनं कालवा अडवला होता, त्यामुळं पाणी तुंबून चढायला लागलं होतं. आत उत्तरेश्वर मान वर करून, हनुवटीपर्यंत बुडालेला. मी वरच्या दारातून आत शिरायला बघितलं, पण आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. माझे खांदे त्यातून जाईनात.

अक्का म्हणाली, "सर बाजूला. मी जाते."

"अक्का, तुला पोहायला येत न्हाय."

"आत पोहायला जागा तरी हाय का? सर."

ती डोकं आधी घालून आत उतरली. आणि तेवढ्यात मला आठवलं, आमच्या मागं तिसरी गाडी सुटलेली असणार. तिला यातलं काहीच माहीत नाही. तीही याच चढावरून उडत येणार, आणि माझी गाडी तर माथ्यापलीकडं मधोमध उभी.

अक्काला कळलं होतं. आतून तिचा आवाज आला, "माझ्याकडं काय बघतोस? पळ!"

सांगा, काय करावं माणसानं? बहीण पाण्यात आहे, पाणी चढतंय, आणि तिच्याकडं पाठ करून पळायचं. मी गाडीतली धोक्याची लाल पाटी उचलली आणि चढावर पळत सुटलो. अंगात जाड सूट, डोक्यावर हेल्मेट. अर्ध्या चढावर असतानाच इंजिनाचा आवाज आला. या आवाजासाठी मी जगतो, लपवत नाही. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, पुढं पत्र्याची थरथर थेट छातीत उतरते. आमच्या खेळाची सगळी ओढ त्या एका आवाजात आहे. त्या दिवशी तोच आवाज बंद पडावा म्हणून मी पळत होतो.

माथा ओलांडून मी रस्त्याच्या मधोमध पाटी धरून उभा राहिलो. गाडी धुळीतून निघाली ती माझ्या अंगावरच. चालकानं मला कधी बघितलं, त्यालाच ठाऊक. चाकं घासत ती कडेच्या चरीत गेली आणि थांबली. दोघंही धड होते. एक जण पाटी घेऊन मागं पळाला, दुसऱ्याला घेऊन मी खाली.

पाणी उत्तरेश्वरच्या ओठांना लागलं होतं. अक्कानं त्याचं हेल्मेट काढून टाकलं होतं, सीटचा पट्टा कापला होता. पण पाय चेपलेल्या दारात घट्ट अडकला होता. तिनं स्वतःचं अंग त्याच्या खाली घालून दोन्ही हातांनी त्याचं तोंड वर धरलं होतं. आणि ती त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेते. नंतर उत्तरेश्वरनं सांगितलं, ती त्या टप्प्याची उरलेली वळणं म्हणत होती. "एड तीन. सरळ. बल पाच. झोपू नको. बल दोन, पूल अरुंद." मी तिला विचारलं, हे काय सुचलं तुला? ती म्हणाली, "दुसरं काही तोंडात येईना रे."

आमच्या गाडीचा ओढायचा पट्टा आम्ही त्यांच्या गाडीच्या पिंजऱ्याला बांधला. वरच्या अंगाला जरा ओढलं तर दार सुटणार होतं. पण ओढ जास्त झाली तर गाडी घसरून त्या दोघांना घेऊन खाली जाणार. मी स्टिअरिंगवर बसलो. कालवा माझ्या पाठीमागं, मला आतलं काही दिसत नव्हतं. अक्का आतून सांगणार, बलभीम काठावरून ओरडून ते माझ्यापर्यंत पोचवणार.

"हळू!" क्लच सोडला. पट्टा ताणला गेला.

"आणखी!" मागं पत्रा कुरकुरला.

"आणखी म्हणत्यात!" माझं चाक खडीत फिरलं, गाडी हिसकली. मागून कुणीतरी किंचाळलं. मी ब्रेक दाबून धरला.  

"निल्लू म्हणत्यात, निल्लू! पाय सुटला!"

मंडळी, माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड रस्ता दोन हात लांबीचा होता. तो मी अक्काच्या शब्दावर चाललो.

उत्तरेश्वरला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. अक्कानं त्याला कुशीवर केलं, पाठीवर थापट्या मारल्या, शिव्याही दिल्या. अध्यक्ष महाराज, त्या शिव्या व्यासपीठावरून सांगण्यासारख्या नाहीत. तो खोकला. मग आम्ही सगळेच खाली बसलो. एका शेतकऱ्याच्या जीपमधून त्याला उमरग्याला आणलं आणि तिथून सोलापूरला. पाय वाचला, गुडघा मात्र आता वळत नाही. उत्तरेश्वरराव तिसऱ्या रांगेत बसले आहेत. उठू नका राव, बसा.

संध्याकाळी परीक्षकांनी आम्हाला बोलावलं. मदतीला थांबलेल्या गाडीचा गेलेला वेळ धरत नाहीत, असा रिवाज आहे. त्यांनी अक्काला विचारलं, "बाई, किती वेळ थांबला होता?" सेकंदाचा हिशेब सांगणारी ही बाई म्हणाली, "घड्याळ बघितलं न्हाय. काय द्यायचं ते तुमीच ठरवा." त्यांनी अंदाजानं वेळ दिला. आम्ही तिसरे आलो. चषक घ्यायला ती गेलीच नाही, ती सोलापूरच्या दवाखान्यात होती.

आता तिथं घडलेलं सांगतो आणि थांबतो. तिची परवानगी घेतली आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात उत्तरेश्वरची आई, सिद्धम्मा मावशी बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, त्या अक्काचे हात धरतील, रडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या म्हणाल्या, "बाय, एक सांग. काय असतंय त्या मोटारीत? पोटाला कमी न्हाय, घरात भांडण न्हाय. मग कशापायी जाताव?"

अक्का खोटं बोलत नाही. तिनं खरं ते सांगितलं, "मावशी, गाडी सुटली की फकस्त पुढचं वळण असतंय. मागचं, पुढचं, घरचं, दारचं, डोक्यात काईच राहत न्हाय. लई हलकं वाटतंय."

मावशींनी विचारलं, "तवा त्याची मायबी नसती व्हय डोक्यात?"

 तो प्रश्न अक्का तिथून घेऊन आली.

त्यानंतर ती आणखी दोन हंगाम माझ्या शेजारी बसली, कारण माझ्यासाठी नवा वाटाड्या तयार व्हायचा होता. एकही वळण चुकली नाही. पण प्रत्येक टप्प्याच्या आधी ती आयोजकांच्या मागं लागायची. पाण्याकाठी पोहणारी माणसं कुठं आहेत? दार कापायची कात्री कुठं आहे? रुग्णवाहिका टप्प्याच्या मध्ये का नाही? लोक वैतागले. हणमंतप्पा काकाही वैतागले. हसू नका काका, वैतागला होता. यंदापासून मंडळानं मदतीच्या दोन गाड्या घेतल्या आहेत, आणि त्या पथकाची प्रमुख म्हणून अक्काला नेमलं आहे. मी मात्र गाडी चालवणार आहे. आम्हा दोघांत यावर भांडण झालं, मिटलं नाही, पण जेवण एकाच ताटात होतं.

शेवटी रीत बाजूला ठेवून एक विनंती. अक्काला शाल प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते द्यायची होती. डॉक्टरबाईंनी मोठ्या मनानं तो मान उत्तरेश्वरच्या आईला द्यायला सांगितला. सिद्धम्मा मावशींना मी काल बोलवायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "येते. पर मोटारीबद्दल चांगलं बोलायला लावू नको." मावशी, कुणीही लावणार नाही. तुम्ही फक्त वर या.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, मंडळाच्या पोरांनी कालपासून राबून हे सभागृह सजवलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. नावं घेताना कुणी मागंपुढं झालं असेल, बहिणीबद्दल बोलताना कुठं तोल गेला असेल, तर घरचाच समजून पदरात घ्या. नमस्कार.

या मावशी. सावकाश या, पायरी उंच आहे. अक्का, हात दे त्यांना.