भिवराआत्याचा कांदा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. जीव ओतून केलेल्या मायेनंच घात केला, तर तो दोष कुणाच्या पदरात घालायचा? घाई नको, आधी ऐका!

डोंगरपायथ्याच्या कुरणवाडीत भिवराआत्या राहायची. लेकराला ताप चढून आकडी आली, की सगळे तिच्याकडे धावत. ती कांदा फोडून नाकाला लावायची — आणि आकडी थांबायची! नाव एवढं झालं, की तिनं इथं कांदा फोडला तर पलीकडच्या गावातली लेकरं उठून खेळायला लागायची. हसा, हसा. अहो, तापातली आकडी बहुतेकदा दोन-चार मिनिटांत आपली आपण जाते. आत्या पोचायची तोवर ती निघालेलीच असायची. मान मात्र कांद्याला!

मग एका दुपारी तिच्याच भाच्याची लेक, चार वर्षांची चिमा, तापात वाकडी झाली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. आत्यानं कांदा लावला. आकडी थांबेना. दुसरा फोडला. थांबेना. चिमाची आई शेवंता म्हणाली, जीप बोलावू, दवाखान्यात नेऊ. आत्यानं एका नजरेत तिला गप्प केलं. गावाची लेकरं आपण उठवली, आणि घरचं दुसऱ्याच्या हाती द्यायचं? तिनं चमच्यानं दात उचकटले आणि कांद्याचा रस आत ओतला.

रस पोटात गेला नाही, मंडळी. श्वासात गेला.

दवाखान्यात नेईतो चिमा गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला तपासून एवढंच म्हणाल्या, की तोंडात काही न घालता, कुशीवर निजवून आणायला हवं होतं.

आत्या वर्षभर कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी वरच्या आळीतला रंगनाथ आईला घेऊन दारात आला. घरी त्याच्या पोराला आकडी आली होती.

"कांदा नको, बाबा," आत्या म्हणाली. "कुशीवर निजव. तोंडात थेंब घालू नको. गाडी काढ."

रंगनाथ थबकला. त्याच्या आईनं त्याचा दंड धरला. "चल रे. दुःखानं चळलीय ती. कांदा आपल्याही घरात आहे."

आत्या अनवाणी त्यांच्यामागं धावली. त्यांनी आतून कडी घातली. ती दोन्ही हातांनी दार बडवत राहिली, आणि फटीतून तिला कांद्याचा वास आला.

आता तुम्ही माना डोलावताय. छान! पण उद्या तुमच्या घरातलं सगळ्यांत वडील माणूस चमचा घेऊन पुढं आलं, तर त्याचा हात धरायची छाती कुणाची आहे?

गप्प का झालात? शेवंताही अशीच गप्प झाली होती.