हलकी वेबसाइट आन् माहा नंबर

...वाजू द्या, वाजू द्या, उचलत नाई मी! सकाळपासून अकरावा फोन हाये हा, आन् चूक कोणाची? माहीच! तुम्हाले सांगते, मी संघप्रिया, इथी मूल गावची, वेबसाइटी बनवते. आरमोरीपलीकडच्या एका जंगलातल्या गावाले मीच म्हणलं, तुमचं मोहफूल विकाले वेबसाइट देते, आन् सोबत असं सॉफ्टवेअर का तुम्हीच लिवा, तुम्हीच बदला, कोडिंग गिडिंग काही नाई! फक्त हलकं पाहिजे. काऊन? तर गावात नेटवर्क एकाच जागी, तलावाच्या पाळीवर, झाडाखाली, तेबी हवा असली तर! म्हणून डेटाबेस ठेवलाच नाई, साध्या फायली. खुश होती मी!

गावाच्या पहिल्याच सभेत तिथल्या मंगलीबाईनं इचारलं, हा अ‍ॅडमिन कोण? मी ऐटीत सांगितलं, तो सगळ्यात मोठा, कोणाचंबी लिवलेलं पुसू शकते. मंगलीबाईनं मान हालवली! त्या गावात सगळे हो म्हणल्याशिवाय पान हालत नाई, एक जण नाई म्हणला का पुन्हा बसा.

"पोरी, एवढा मोठा आमच्यात कोणी नाई. काढ त्याले."

काढलं! हलकं झालं.

पासवर्ड? म्हणे सभेपासून काय लपवाचं? काढला. गावाचा एक मोबाइल सभेच्या मधात ठेवाचा, सगळे हो म्हणले का बटन दाबाचं. फिरते फोटो? पहिला फोटो कोणाच्या झाडाचा? काढले. 'जंगलातलं सर्वात चांगलं मोहफूल' लिवलं, तर चैतूभाऊ उठले... माही सासुरवाडी बाजूच्या गावची, त्यांचं काय खराब हाये? काढलं! हलकं झालं! इकडं मोहफूल वाळून पोत्यात, पावसाळा तोंडावर, ओल धरली का सारं वाया, आन् मी काढूनच राह्यली...

शेवटी राह्यलं काय? गावाचं नाव, 'मोहफूल आहे', आन् एक नंबर. पण तुम्हाले सांगते, पाळीवर मोबाइलले बोट लावलं आन् उघडलं ना बापा! सारे हासले, मी तं रडलीच. आठ दिवसांत पोतं राह्यलं नाई, गावानं जेवाले बोलावलं, पाय दुखेपर्यंत बायांसंग फेर धरून रेला नाचली मी. इतकी खुश मी नोकरी लागली तवाबी नव्हती!

मग म्हणलं, आता 'मोहफूल संपलं' असं लिवा. बसली सभा. चैतूभाऊ म्हणते...

"झाड उभं हाये, आन् संपलं कसं लिवाव?"

तीन सभा झाल्या, अजून बसूनच राह्यले!

आन् तो नंबर? गावातल्या कोणाचा टाकला का तोच मोठा होते ना! मग? तेवढी एकच गोष्ट सभेनं एका मिनिटात ठरवली, सगळे एका आवाजात हो म्हणले...

हॅलो? हो जी, मीच मोहफूलवाली... नाई जी, संपलं... हो, तिथं 'आहे' असंच लिवलं हाये, तेबी खरं... काय करू भाऊ, चैतूभाऊ हो म्हणले नाई अजून.